पहिली नोकरी निवडताना आधी विचारा: माझं काम तपासणार कोण?

हातात दोन ऑफर आल्या की नवा पदवीधर आधी पगाराचा आकडा बघतो, मग कंपनीचं नाव. दोन्ही बघावंच. पण नवख्यांना कामावर घेता घेता आणि शिकवता शिकवता माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. या दोन्हींच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा: तिथे माझं काम रोज कोण तपासणार?

कॉलेजात तपासलेली उत्तरपत्रिका हातात पडते तोवर तो विषय संपलेला असतो. चूक कळते, पण तीच गोष्ट पुन्हा नीट करून दाखवायची वेळ येत नाही. नोकरीत केलेला अहवाल परत येतो. समासात वरिष्ठांनी लिहिलेलं असतं: "हा आकडा कुठून आला?", "मागच्या महिन्यापेक्षा एवढा फरक का पडला, ते लिहा", "निष्कर्ष शेवटी नको, वर घ्या." तुम्ही दुरुस्त करून पाठवता, त्यावर आणखी दोन खुणा येतात. असं काही महिने चाललं की अहवाल पाठवण्याआधी तुम्हीच स्वतःला ते प्रश्न विचारायला लागता. कोड लिहिणारा असो, हिशेब जुळवणारा असो, रुग्णांच्या नोंदी ठेवणारा असो की बातम्या लिहिणारा, हाताला वळण लागतं ते याच काळात. वळण लावणारं कोणी नसेल तरी वळण लागतंच, फक्त ते वाकडं लागतं आणि पुढे मोडायला फार त्रास होतो.

सुरुवातीचा परिणाम किती काळ टिकतो?

अर्थशास्त्रज्ञांनी हा प्रश्न बराच खोलात जाऊन तपासला आहे. तेजीत पदवी घ्यायची की मंदीत, हे कोणी ठरवून करत नाही. त्यामुळे मंदीच्या वर्षी बाहेर पडलेल्यांचं पुढे काय झालं हे पाहिलं की सुरुवातीच्या नोकरीचा परिणाम वेगळा काढता येतो.

अमेरिकेत लिसा कान यांनी १९७९ ते १९८९ या काळात पदवी घेतलेल्या पुरुषांची माहिती तपासली आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पदवीच्या वेळी बेरोजगारीचा दर, समजा, ५ टक्क्यांऐवजी ६ टक्के असेल, तर सुरुवातीची कमाई ६ ते ७ टक्क्यांनी कमी दिसली. पंधरा वर्षांनंतरही अडीच टक्क्यांच्या आसपास फरक उरला होता. कॅनडातल्या पदवीधरांवर फिलिप ओरिओपोलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास थोडा दिलासा देतो. मंदीत बाहेर पडलेले सुरुवातीला सुमारे ९ टक्क्यांनी मागे असतात, पाच वर्षांत ही तूट निम्मी होते आणि दहा वर्षांत जवळजवळ भरून निघते. ती भरून कशी निघते हे नव्या पदवीधराने नीट समजून घ्यावं. मंदीत कमी पगाराच्या, लहान कंपन्यांत लागलेले तरुण पुढे नोकरी बदलत चांगल्या कंपन्यांत जातात. एकाच जागी बसून तूट भरत नाही.

रॉबर्ट टोपेल आणि मायकेल वॉर्ड यांनी १९९२ मध्ये अमेरिकन तरुणांबद्दल हेच दुसऱ्या अंगाने दाखवलं होतं. नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत सर्वसाधारण माणसाने सात नोकऱ्या केल्या होत्या, आणि त्या काळातल्या पगारवाढीचा किमान एक तृतीयांश भाग नोकरी बदलताना मिळाला होता.

बदलाची वाट बंद असली की काय होतं ते जपानमध्ये दिसलं. तिथे मोठ्या कंपन्या नव्या पदवीधरांना एकगठ्ठा भरतीने घेतात आणि सगळे एप्रिलमध्ये रुजू होतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून साधारण दहा वर्षं ही भरती आटली. ज्यांची ती एक संधी हुकली त्यांतले अनेक जण पुढे वर्षानुवर्षं कंत्राटी आणि अर्धवेळ कामांत अडकून पडले. रोजगाराच्या हिमयुगातली पिढी, असंच तिला तिकडे म्हणतात. २०१९ मध्ये, म्हणजे ती पिढी चाळिशीत आल्यावर, सरकारला तिच्यातल्या लोकांसाठी तीन वर्षांत ३ लाख कायम नोकऱ्यांचं लक्ष्य जाहीर करावं लागलं.

या सगळ्यातून मी एवढंच घेतो की पहिल्या नोकरीमुळे पुढचं दार उघडणं सोपं होतं किंवा अवघड होतं. तेव्हा ती निवडताना "इथे दोन वर्षांनी मला काय काय येत असेल?" या प्रश्नाला पगाराएवढं तरी वजन द्या.

पहिली पायरी: अर्ज करण्याआधी एक कागद

वर्षभरानंतर स्वतःच्या हाताने काय करता यायला हवं, अशा चार-पाच गोष्टी लिहून काढा. "मार्केटिंगमध्ये करिअर" असं मोघम लिहून उपयोग नाही. "एका छोट्या जाहिरात मोहिमेचा खर्च आणि परिणाम मांडता आला पाहिजे", "अनोळखी ग्राहकाशी फोनवर बोलून त्याची अडचण लिहून काढता आली पाहिजे", असं लिहा. मग जाहिराती वाचताना पदाच्या नावाकडे कमी आणि कामांच्या यादीकडे जास्त बघा. पदाची नावं फुगवलेली असतात. "असोसिएट", "एक्झिक्युटिव्ह", "ॲनालिस्ट" ही एकाच कामाची तीन नावं असू शकतात, आणि एकाच नावाखाली तीन वेगळी कामंही. तुमच्या कागदावरच्या निम्म्या गोष्टी जरी त्या यादीत सापडल्या तरी अर्ज करा. जाहिरातीतली प्रत्येक अट पूर्ण करणारा उमेदवार क्वचितच येतो, हे जाहिरात लिहिणाऱ्यालाही माहीत असतं.

दुसरी पायरी: ओळखीपाळखीच्या माणसांना विचारा

वशिला लावा असं मी सांगत नाही. माहिती विचारा. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलं की नोकरीची नवी माहिती जवळच्या मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते, कारण जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला असतं. त्यांच्या पाहणीत ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांचा त्या माणसाशी वारंवार संपर्क होता. बाकीच्यांचा अधूनमधून, किंवा अगदी क्वचित. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या २ कोटी वापरकर्त्यांवरच्या प्रयोगांतूनही तेच पुढे आलं, एक बारकावा जोडून: अगदीच अनोळखी नव्हे, तर मध्यम पातळीची विरळ ओळख सगळ्यात उपयोगी पडते.

म्हणजे दोन वर्षं पुढे असलेली सीनियर, प्रकल्पाच्या वेळी भेटलेला इंजिनिअर, मावशीच्या ऑफिसातला कोणी. त्यांना संदेश पाठवताना ताकाला जाऊन भांडं लपवू नका. "नमस्कार, मी यंदा संख्याशास्त्रात पदवी घेतली. तुम्ही विमा क्षेत्रात काम करता असं कळलं. नव्या माणसाला तिथे पहिल्या वर्षी कोणतं काम मिळतं, हे समजून घ्यायला पंधरा मिनिटं फोनवर बोलू शकाल का? या आठवड्यात जमलं नाही तर पुढच्या आठवड्यात चालेल." एवढं पुरे. बायोडेटा जोडायची घाई नको. बोलणं चांगलं झालं तर तेच मागतात.

तिसरी पायरी: मुलाखतीत तुम्हीही विचारा

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" असं म्हणतात, तेव्हा बहुतेक नवखे "नाही सर" म्हणून उठतात. ही संधी सोडू नका. माझ्या मते इथे तीन प्रश्न हवेतच.

पहिला: "रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात मी नेमकं काय करेन?" उत्तर जितकं ठोस तितकी जागा खरी. "आमच्याकडे भरपूर संधी आहे" हे उत्तरच नव्हे. दुसरा: "मी केलेलं काम कोण बघेल, आणि किती वेळा?" यावर कोणी म्हणालं, "पहिले दोन महिने तुमचं प्रत्येक काम आधी टीम लीड बघतील, मग ते ग्राहकाकडे जाईल, आणि दर शुक्रवारी अर्धा तास तुमच्याबरोबर बसतील", तर ही जागा सोनं आहे, पगार चार पैसे कमी असला तरी. उलट "इथे पहिल्या दिवसापासून पूर्ण स्वातंत्र्य असतं" हे ऐकायला गोड लागतं, पण नवख्याच्या बाबतीत त्याचा अर्थ पुष्कळदा असा निघतो की शिकवायला कोणालाच वेळ नाही. तिसरा: "या जागेवर आधी जे होते ते आता कुठे आहेत?" बढती मिळून वर गेले असतील किंवा चांगल्या ठिकाणी गेले असतील तर उत्तम. दीड वर्षात तिघं बदलले असतील तर कारण विचारा. समोरचा विषय बदलतो का, तेही बघा.

जमलं तर वर्षभरापूर्वी रुजू झालेल्या एखाद्याशी बोलायची परवानगी मागा. त्याला एकच विचारा: "तुमचं काम शेवटचं कधी परत आलं, आणि त्यावर काय लिहिलं होतं?" ज्याला लगेच आठवतं त्याच्या टीममध्ये शिकायला मिळतं.

मोठी कंपनी की छोटी, हा वाद मला फारसा पटत नाही. मोठ्या ठिकाणी रीतसर प्रशिक्षण असतं, पण कामाचा एकच तुकडा वर्षभर हाताळावा लागू शकतो. छोट्या ठिकाणी सगळं बघायला मिळतं, पण बघणाऱ्याला समजावणारा कोणी असेलच असं नाही. रोज ज्या चार माणसांबरोबर बसणार, ती कशी आहेत यावर बहुतेक सगळं ठरतं.

चौथी पायरी: ऑफर लेटर पूर्ण वाचा

इथे फार वेळ लागत नाही, पण ओळ न ओळ वाचा. पद, कामाचं ठिकाण, रुजू होण्याची तारीख, प्रोबेशन किती महिने, नोटीस पीरियड किती. पगारातला ठरलेला भाग कोणता आणि कामगिरीवर अवलंबून असलेला कोणता, हे वेगळं लिहून काढा. महिन्याला हातात किती पडणार ते स्पष्ट विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ठरावीक काळाआधी नोकरी सोडली तर पैसे भरावे लागतील असा बाँड असेल तर रक्कम आणि मुदत बघा, जाणत्या माणसाला दाखवा, मगच सही करा. तोंडी दिलेली आश्वासनं ईमेलवर मागून घ्या.

नोकरी देण्यासाठी कोणी पैसे मागितले, मग ते नोंदणी शुल्क असो, प्रशिक्षण ठेव असो की लॅपटॉपची अनामत, तिथेच थांबा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारातही खासगी रोजगार संस्थांनी कामगारांकडून शुल्क घेऊ नये, हाच सर्वसाधारण नियम आहे. पैसे मागणारा बहुतेक वेळा भामटाच असतो.

पगाराबद्दल एकदा, नम्रपणे, कारण देऊन विचारायला हरकत नाही. पुढच्या वाढी बहुधा याच आकड्यावर टक्क्यांनी होतात. पण महिना निघणार नाही एवढ्या कमी पैशांत "शिकायला मिळेल" म्हणून राबू नका. भाड्याची चिंता डोक्यात असलेल्या माणसाला नीट शिकता येत नाही.

पाचवी पायरी: पहिले तीन महिने

इथे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण चांगली जागा मिळूनही ती वाया घालवणारे मी पाहतो.

काम सांगितलं की ते आपल्या शब्दांत परत सांगा. "म्हणजे गुरुवारपर्यंत फक्त तीन विभागांची यादी हवी, विश्लेषण नको, बरोबर?" या एका वाक्याने दोन दिवसांची मेहनत वाचते. मोठं काम असेल तर पूर्ण होईपर्यंत दडवून ठेवू नका. आराखडा झाला, पहिलं पान झालं की दाखवा. कच्चं काम दाखवायला नवख्यांना संकोच वाटतो, पण दिशा चुकली असेल तर ती एक पान झाल्यावर कळलेली बरी.

अडलात तर थोडा वेळ स्वतः झटा, मग विचारा. विचारताना काय करायचं होतं, काय काय करून पाहिलं आणि नेमकं कुठे अडलं, हे तिन्ही सांगा. असं विचारणाऱ्याला कोणी टाळत नाही, कारण उत्तर द्यायला दोन मिनिटं पुरतात. मिळालेलं उत्तर वहीत लिहा. तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला की समोरच्याचा धीर सुटतो.

काम वेळेत होणार नसेल तर मुदतीच्या आधी सांगा. मुदत उलटून गेल्यावर सांगितलेलं कारण कितीही खरं असलं तरी ते सबबच वाटतं. बुधवारी "शुक्रवारी होणार नाही, सोमवार लागेल, कारण माहिती आजच आली" असं सांगितलं तर वरिष्ठांच्या हातात निदान दोन दिवस राहतात.

आणि परत आलेलं काम. खुणा बघून मन खट्टू होतं, ते साहजिक आहे. पण खुणा दुरुस्त करून लगेच फाइल बंद करू नका. तुमचा पहिला मसुदा आणि शेवटी बाहेर गेलेली प्रत शेजारी-शेजारी उघडा आणि बदल एकेक करून वाचा. वाक्य लहान का केलं? हा तक्ता का काढला? ही अट कोडमध्ये आधी का घेतली? ज्याचं कारण कळत नाही तेवढंच जाऊन विचारा. "कसं झालं?" असं विचारलं की "छान" असं उत्तर येतं आणि हाती काही लागत नाही. "यातला कोणता भाग तुम्ही वेगळा केला असता?" असं विचारलं की समोरचा खुर्ची ओढून बसतो.

वरिष्ठांना वेळच नसेल तर? मग टीममधला जो माणूस काम चोख करतो तो शोधा आणि आठवड्यातून एक काम त्याला दाखवायची परवानगी मागा. तोही नसेल तर आपल्यासारख्याच एखाद्या नव्या सहकाऱ्याशी काम अदलाबदल करून तपासा. दुसऱ्याच्या कामातल्या चुका दिसायला लागल्या की आपल्याही दिसतात.

सहावी पायरी: महिन्याची नोंद

दर महिन्याच्या शेवटी अर्धं पान लिहा: काय केलं, त्याने काय फरक पडला, नवीन काय आलं. कंपनीच्या फाइल किंवा ग्राहकांची माहिती घरी आणायची नाही, आपल्या शब्दांत लिहायचं. ही नोंद अप्रेझलच्या वेळी आणि पुढचा बायोडेटा लिहिताना कामाला येते. "साप्ताहिक अहवाल तयार केले" या ओळीतून काही कळत नाही. "विक्रीचा साप्ताहिक अहवाल हाताने जुळवायला दोन दिवस लागत. सूत्रं बसवून ते काम अर्ध्या दिवसावर आणलं" ही ओळ वाचणारा थांबतो. पण असे आकडे वर्षभराने आठवत नाहीत, त्या महिन्यातच लिहावे लागतात.

क्षेत्राबाहेरची नोकरी घ्यावी लागली तर

कित्येकांवर ही वेळ येते, त्यात कमीपणा नाही. अमेरिकेत स्ट्राडा आणि बर्निंग ग्लास या संस्थांच्या २०१८ च्या अहवालात ४३ टक्के पदवीधरांची पहिली नोकरी पदवीची गरज नसलेली निघाली, आणि त्यांतले सुमारे दोन तृतीयांश पाच वर्षांनंतरही तशाच कामात होते. घर चालवायला अशी नोकरी जरूर घ्या. धोका तिथे रुळून जाण्याचा आहे. म्हणून रुजू होतानाच कॅलेंडरवर एक तारीख टाका, सहा महिन्यांनंतरची, आणि त्या दिवसापासून आपल्या क्षेत्रातले अर्ज पुन्हा सुरू करा. तोवर त्याच ठिकाणी आपल्या विषयाजवळचं काम शोधा. दुकानाच्या काउंटरवर असाल तर मालाच्या साठ्याची आकडेवारी मागून घ्या. कॉल सेंटरवर असाल तर तक्रारींचं वर्गीकरण करून द्या. पुढच्या मुलाखतीत सांगायला तेच असेल.

थांबायचं की निघायचं

वर्षभराने परत आलेल्या कामांवरच्या खुणा बघा. खुणा कमी झाल्या आणि काम अवघड होत गेलं, तर थांबा, अजून शिकायचं आहे. खुणा कमी झाल्या पण काम तेच राहिलं, तर अवघड काम मागा. स्पष्ट मागा आणि काही महिने वाट बघा. तरीही मिळालं नाही तर बाहेर शोधायला लागा. आणि पहिल्या दिवसापासून कोणी काही तपासलंच नसेल, तर वर्ष पूर्ण व्हायची वाट बघायचीही गरज नाही.

काही बाबतींत थांबूच नका: पगार थकतोय, आकडे बदलायला किंवा दुसऱ्याच्या नावाने सही करायला सांगितलं जातंय, कोणी छळ करतंय. "बायोडेटात पहिली नोकरी छोटी दिसेल" ही भीती अशा वेळी बाजूला ठेवा. मुलाखतीत "तिथल्या कामाची पद्धत मला योग्य वाटली नाही" एवढं शांतपणे सांगितलं तरी पुरतं.

निघताना शक्यतो नवी ऑफर लेखी हातात आल्यावरच राजीनामा द्या. नोटीस पीरियडमध्ये पुढच्या माणसासाठी दोन पानांची नोंद करा: कोणतं काम कोणत्या दिवशी येतं, फाइल कुठे आहेत, कोणाला विचारायचं, कोणतं काम अर्धवट आहे. अनुभवपत्र आणि शेवटचा हिशेब कधी मिळेल ते एचआरकडून ईमेलवर लिहून घ्या. आणि ज्यांनी तुमचं काम तपासलं त्यांना जाऊन सांगा की पुढच्या ठिकाणी संदर्भ म्हणून त्यांचं नाव देणार आहात, चालेल ना.